कविवर बनारसीदास आणि त्यांची अर्धी कथा

समयसार नाटकाचे नाव स्वाध्यायप्रेमी श्रावकांना नवीन नाही. आचार्य कुंदकुंदांचा समयसार, त्यावर आचार्य अमृतचंद्रांनी रचलेले संस्कृत कलश आणि त्या कलशांच्या आधारे हिंदी पद्यात अवतरलेले हे नाटक, अशी ही थोर परंपरा आहे. शास्त्रसभेत त्यातील सवैये तन्मयतेने म्हणणाऱ्यांना कवीचे नाव ठाऊक असते. परंतु हा कवी पोटासाठी काय करीत होता, किती वेळा बुडाला, कशाकशाला भुलला, हे सहसा सांगितले जात नाही. आपल्याकडे कवी-पंडितांची चरित्रे बालपणापासूनच वैराग्याच्या रंगात रंगविण्याची सवय जडली आहे. बनारसीदासांच्या बाबतीत ही सोय उरलेली नाही, कारण ती वाट त्यांनी स्वतःच बंद करून ठेवली आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, विक्रम संवत १६९८ मध्ये म्हणजे इ. स. १६४१ साली, आग्रा येथे त्यांनी ‘अर्धकथानक’ या नावाने स्वतःचे चरित्र ६७५ पद्यांत लिहिले. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. व्यापाऱ्याने खातेवहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहाव्यात तशा त्यांनी आपल्या आयुष्याच्या दोन्ही बाजू त्यात लिहिल्या. आणि खरे सांगायचे तर नावेची बाजूच मोठी आहे. पुढील वृत्तांत मुख्यतः त्याच ग्रंथाच्या आधारे सांगितला आहे.

बनारसीदासांचा जन्म संवत १६४३ च्या माघ महिन्यात, सामान्यतः इ. स. १५८६ असे सांगितले जाते त्या वर्षी, जौनपूर येथे श्रीमाळ जातीच्या जवाहिऱ्याच्या घरी झाला. वडिलांचे नाव खरगसेन. या घराण्याला संकटे नवी नव्हती. आजोबा मूलदास माळव्यात नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. ते वारले तेव्हा खरगसेन अवघे पाच वर्षांचे होते. सरदाराने घरदार जप्त केले आणि विधवा माता मुलाला घेऊन जौनपूरला माहेरी आली. तेथे शून्यातून उभे राहिलेल्या खरगसेनांनी एकुलत्या एका मुलाचे नाव प्रथम विक्रमाजीत असे ठेवले होते. पुढे काशीला पार्श्वनाथांच्या दर्शनास नेले असता तेथील पुजाऱ्याने ध्यान लागल्याचा आव आणून, यक्षाने दृष्टांत दिला असून भगवंतांच्या जन्मनगरीचे नाव मुलाला द्यावे, असे सांगितले. त्यावरून ते बनारसीदास झाले. पुजाऱ्याचा तो आव होता हेही कवीने आपल्या नावाच्या कथेत लपविलेले नाही. ज्याला स्वतःच्या नावाबद्दलही भाबडेपणा नाही, त्याच्या पुढील कथनावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

आठव्या वर्षी पंतोजींकडे अक्षरओळख झाली. अकराव्या वर्षी खैराबादच्या मुलीशी विवाह झाला. सून घरात आली त्याच दिवशी घरात एक मृत्यू आणि एक जन्मही झाला. पुढच्याच वर्षी, १५९८ साली, जौनपूरचा सुभेदार किलीच खान याने शहरातील जवाहिऱ्यांना पकडून फटके मारले, तेव्हा साऱ्यांनी वाट फुटेल तिकडे पळ काढला. खरगसेनांचे कुटुंब पावसापाण्यात शहाजादपूरला पोहोचले आणि वर्ष-दोन वर्षे गावोगाव फिरले. राजसत्तेच्या लहरीवर व्यापाऱ्याचा प्रपंच कसा टांगलेला असतो, याचा धडा बनारसीदासांना बारा-तेराव्या वर्षीच मिळाला.

जौनपूरला परतल्यावर चौदाव्या वर्षी पंडित देवदत्तांकडे नाममाला, अनेकार्थ, ज्योतिष, अलंकार यांचे अध्ययन सुरू झाले. त्याच सुमारास खरतरगच्छाचे मुनी भानुचंद्र यांचाही सहवास लाभला. विद्या मिळत होती आणि त्याच वेळी मन भलतीकडे धावत होते. दुकानाकडे दुर्लक्ष, प्रेमप्रकरणांत दंग, घरातील जिनसा चोरून भेटी पाठविणे, असे हे दिवस त्यांनी जराही न सावरता वर्णिले आहेत. याच भरात त्यांनी सुमारे एक हजार पद्यांचा शृंगारप्रधान ‘नवरस’ रचला. त्यानंतर सासुरवाडीस खैराबादला असताना अंगभर व्रण उठवणारा दुर्धर रोग जडला. मित्र आणि आप्त दूर झाले. पत्नी आणि सासू यांनी मात्र सेवा केली आणि एका न्हाव्याच्या औषधाने ते बरे झाले. घरी वडीलधारी मंडळी समजावीत की, फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे. तो उपदेश त्यांनी मानला नाही. त्याऐवजी एका संन्याशाच्या नादी लागून वर्षभर शौचकूपात बसून मंत्र जपला, कारण वर्ष पूर्ण होताच दारात रोज एक सोन्याची मोहोर पडेल असे त्याने सांगितले होते. मोहोर पडली नाही. मग दुसऱ्या एका जोग्याने दिलेल्या शंखाची शिव म्हणून गुपचूप पूजा सुरू झाली.

१६०५ साली अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरात येऊन थडकली तेव्हा बनारसीदास जिन्यावर बसले होते. बातमी ऐकताच त्यांना घेरी आली आणि ते खाली कोसळले. कपाळ फुटले, अंगण रक्ताने माखले. शहरात दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने जमिनीत पुरले, श्रीमंतांनी जाडेभरडे कपडे अंगावर चढविले. दहा दिवसांनी जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले तेव्हा शहराने श्वास सोडला. इतिहासाच्या अभ्यासकांना हे वर्णन मोलाचे वाटते. आपल्याला मोलाचे आहे ते त्यानंतरचे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की, आपण पडलो तेव्हा ज्याची पूजा करीत होतो त्याने हात का दिला नाही. शंखाची पूजा त्यांनी त्या दिवसापासून सोडली.

आणि मग एका संध्याकाळी, मित्रांसह गोमतीच्या पुलावर बसले असता, मांडीवरची ‘नवरस’ची पोथी वाचता वाचता ते थांबले. एक खोटे बोलणाऱ्यालाही त्याचे फळ भोगावे लागते. आपण तर हजार पद्ये कल्पनेच्या खोट्याने भरली, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी ती पोथी नदीत फेकून दिली. मित्र हळहळले, पाने पाण्यावर पसरली, कोणाच्याही हाती काही लागले नाही. मराठी वाचकाला येथे इंद्रायणीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु तेथे वह्या दुसऱ्यांच्या जाचामुळे बुडाल्या आणि श्रद्धा सांगते की त्या तरल्या. येथे कवीने आपल्याच हाताने पोथी बुडविली आणि ती बुडालीच.

हे कृत्य सर्वस्वी योग्य होते काय, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका आहे. काव्यातील कल्पना हे असत्यभाषण नव्हे, हे रसिकांनी वेगळे सांगायला नको, आणि तो ग्रंथ आज असता तर अभ्यासकांना हवाच असता. परंतु एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाने आपली तोवरची सर्वांत मोठी निर्मिती, मित्रांची वाहवा मिळत असताना, स्वतःला पटेनाशी झाली म्हणून टाकून द्यावी, याला जे धैर्य लागते ते नाकारता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाने वाहून गेली तरी हजार पद्ये लिहून बसलेला हात वाहून गेला नाही. पुढे तीस वर्षांनी समयसारासारखा दुर्गम विषय त्यांनी ज्या सहजतेने छंदात बसविला, ती सहजता काही एका दिवसात आलेली नव्हती. घरी ही वार्ता पोहोचली तेव्हा खरगसेनांना आनंद झाला. मुलगा नित्य जिनमंदिरात जाऊ लागला, सामायिक-प्रतिक्रमण करू लागला.

कथा येथेच संपती तर ती नेहमीची झाली असती. खरी परीक्षा पुढे होती. १६१० साली खरगसेनांनी रत्ने, वीस मण तूप, तेलाचे बुधले, जौनपुरी कापड असा सुमारे दोनशे रुपयांचा माल मुलाच्या हवाली करून त्याला आग्र्यास पाठविले. इटाव्याजवळ मुसळधार पावसाने गाठले. सराई भरलेली, दारोदार नकार. अखेर पहारेकऱ्यांच्या झोपडीत थारा मिळाला तोही असा की, मागून आलेला एक जबरदस्त माणूस खाटेवर झोपला आणि त्या खाटेखाली तरट अंथरून ही मंडळी पडून राहिली. आग्र्यात तर दैवाने पाठच धरली. तुपा-तेलात चार पैसे सुटले, कापडात खोट आली. नाड्यात बांधलेली रत्ने कोठे गळून पडली ते कळले नाही. खुंटीवर टांगलेल्या वस्त्रातील माणके उंदराने पळविली. जडावाचे दागिने ज्याला उधार विकले त्याचे दिवाळे निघाले. जे होते नव्हते ते विकून खाण्याची पाळी आली.

त्या दिवसांतील एक प्रसंग वाचताना मन हेलावते. बाजारात जायला तोंड उरले नाही तेव्हा बनारसीदास रात्री घरी मधुमालती आणि मृगावती ही प्रेमाख्याने वाचीत बसत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते उधारीवर कचोऱ्या घेत असत. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात गाठून आपल्याजवळ काहीही नाही, पुढे उधार देऊ नये, असे प्रामाणिकपणे सांगून टाकले. त्यावर त्याने वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, कोणी काही बोलणार नाही, असे आश्वासन दिले. सहा-सात महिने असे गेले आणि हिशोब झाला तेव्हा देणे निघाले चौदा रुपये. ते त्यांनी पुढे फेडले. ज्या काव्यप्रेमाने त्यांचे दुकान बुडविले असे घरचे म्हणत, त्याच काव्यप्रेमाने त्यांना उपाशी मरू दिले नाही. इतिहासाने त्या कचोरीवाल्याचे नाव जपले नाही. हिंदी साहित्यावर मात्र त्याचे चौदा रुपयांहून अधिक ऋण आहे.

पुढे धरमदास नावाच्या भागीदाराबरोबर पाचशे रुपयांच्या भांडवलावर जवाहिराचा धंदा झाला. दोन वर्षांनी हिशोब केला तेव्हा मिळविलेले सारे खर्चात गेलेले. रस्त्यात सापडलेल्या एका गाठोडीत आठ मोती निघाले, तेवढाच आधार. ते कमरेला बांधून बनारसीदास खैराबादला गेले. पत्नीने विचारपूस केली तेव्हा आरंभी त्यांनी थोडी लपवालपवी केली, परंतु रात्री सर्व सांगून टाकले. त्या माउलीने जपून ठेवलेले वीस रुपये त्यांच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी ती आपल्या आईजवळ गुपचूप रडली, तेव्हा आईनेही स्वतःजवळचे दोनशे रुपये पुढे केले आणि जावयाला लाज वाटू नये म्हणून ही गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही. आपल्या समाजात किती कर्तबगार पुरुषांच्या मागे अशा न बोललेल्या रकमा उभ्या असतील! बनारसीदासांनी ती रक्कम बोलून दाखविली, नोंदवून ठेवली.

या पैशातून कापड धुण्या-रंगविण्याचे व मोती खरेदीचे काम चालू असतानाच त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. अजितनाथांचे छंद रचले आणि १६१३ साली ‘नाममाला’ हा पद्यमय शब्दकोश पूर्ण केला. शृंगारापासून कोशापर्यंत, हा उतार नव्हे, चढ आहे. कोशाला कल्पनेची भरारी चालत नाही. एकेका शब्दाचे पर्याय निवडून, तोलून, मात्रेत बसवावे लागतात. जवाहिऱ्याच्या मुलाने रत्नांऐवजी शब्द पारखायला घेतले, एवढेच. पुढे जौनपूरच्या अधिकारावर आलेला चिनी किलीच खान त्यांच्याकडून नाममाला आणि छंदशास्त्राचे ग्रंथ शिकला. ज्या घराण्याच्या सुभेदाराने वडिलांच्या पाठीवर फटके ओढले होते, त्याच घराण्यातील अधिकारी मुलापुढे पाठ घ्यायला बसला. कवीने या प्रसंगाचा गाजावाजा केलेला नाही.

व्यापाराची पायपीट संपली नव्हती. एकदा रात्री रान तुडवीत ते चोरांच्याच गावात जाऊन पोहोचले. प्रसंग ओळखून त्यांनी श्लोक म्हणून गावाच्या चौधऱ्याला आशीर्वाद दिला, रातोरात सुताची जानवी करून गळ्यात घातली, मातीचे टिळे लावले आणि ब्राह्मण म्हणून सत्कार घेऊन फत्तेपूरच्या वाटेला लागले. दुसऱ्या एका प्रवासात खोटे नाणे चालविल्याच्या आळाने सुळावर चढण्याची वेळ आली होती. हे प्रसंग त्यांनी हसत हसत सांगितले आहेत. १६१६ साली वडील गेले. त्याच वर्षी आग्र्यात गाठीच्या तापाची साथ आली. उंदीर मरू लागले, माणसे गावोगाव पळाली. नरोत्तमदास हा जिवलग मित्रही अकाली गेला. खैराबादहून मुलगा झाल्याचे, मुलगा आणि पत्नी दोघेही गेल्याचे आणि मेहुणीशी सोयरीक ठरल्याचे असे तिन्ही निरोप एकदमच आले. त्यांचे एकूण तीन विवाह झाले. सात मुलगे आणि दोन मुली झाल्या. नऊच्या नऊ अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अर्धकथानक लिहिले तेव्हा घरात पती आणि पत्नी अशी दोनच माणसे उरली होती.

१६२३ साली अरथमल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांच्या हाती समयसार कलशांवरील पांडे राजमल्लांची बालबोध टीका दिली. आजवर नेमधर्माने वागणाऱ्या बनारसीदासांना शुद्ध आत्म्याच्या निश्चयनयाचे वर्णन वाचून जणू धुंदी चढली. आत्माच सर्व काही, तर क्रियाकांड कशासाठी, असे म्हणून त्यांनी सामायिक, पूजा, व्रते सोडून दिली. देवापुढचा नैवेद्यही खाऊन टाकण्यापर्यंत मजल गेली. चंद्रभान, उदयकरण आणि थानमल या तीन मित्रांसह ते कोठडीत विवस्त्र होऊन नाचत आणि आम्ही मुनी झालो असे म्हणत. लोक नावे ठेवू लागले. ज्या ग्रंथामुळे त्यांना पुढे कीर्ती लाभली, त्याच ग्रंथाच्या अर्धवट वाचनाने आधी त्यांची अशी दशा केली होती.

ही अवस्था थोडीथोडकी नव्हे, सुमारे बारा वर्षे टिकली. १६३५ साली पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन आरंभिले. जीव कोणत्या गुणस्थानावर आहे, तेथे कोणती क्रिया उचित आहे, निश्चय आणि व्यवहार यांचा मेळ कसा बसतो, हे क्रमाने उलगडत गेले. बनारसीदास तेव्हा पन्नाशीला टेकले होते. त्या वयात, गावभर चर्चा झालेली असताना, आपण चुकलो हे मान्य करून विद्यार्थ्याच्या जागी बसणे हे पोथी पाण्यात फेकण्यापेक्षाही अवघड असावे. ते श्रोत्यांत बसले, आणि दुसऱ्याच वर्षी, १६३६ मध्ये, समयसार नाटक पूर्ण झाले.

या ग्रंथाची ७२७ पद्ये त्यांनी एकांतात रचली नाहीत. रूपचंद, चतुर्भुज, भगोतीदास, कुंवरपाल आणि धरमदास ही मंडळी आग्र्यात एकत्र बसून नित्य चर्चा करीत, त्या चर्चेतून तो सिद्ध झाला. त्याच्या अखेरीस मूळ कलशांत नसलेला एक अधिकार बनारसीदासांनी स्वतः जोडला आहे. तो आहे चौदा गुणस्थानांचा. एकेका पायरीची लक्षणे सांगत तो वाचकाला वर नेतो. स्वाध्याय करताना हा भाग पुष्कळदा परिशिष्ट म्हणून भरभर उरकला जातो. परंतु कवीचे आयुष्य ठाऊक असलेल्या वाचकाला तेथे थबकावे लागते. पायऱ्या न चढता शिखरावर उडी मारू पाहिलेल्या माणसाने, तोंडघशी पडून उठल्यावर, त्याच ग्रंथाला जिना जोडून दिला आहे.

त्यांच्या अध्यात्मपंथावर टीका पुष्कळ झाली. उपाध्याय मेघविजयांसारख्या विद्वानांनी त्याच्या खंडनार्थ ‘युक्तिप्रबोध’ हा ग्रंथ लिहिला. त्या वादाच्या खोलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. समयसार नाटक मात्र पंथभेद ओलांडून वाचले गेले आणि त्याच्या हस्तलिखित प्रती ठिकठिकाणच्या ग्रंथभांडारांत पोहोचल्या.

अर्धकथानकाच्या शेवटी त्यांनी आपले गुणदोष मांडले आहेत. कवित्व, क्षमाशीलता, मधुर वाणी हे गुण संकोच न करता सांगितले. त्यानंतर लोभ फार, जपतपाचा कंटाळा, हसण्याची आणि रंगात आल्यावर खोटे ठोकून देण्याची खोड, एकांत मिळाला की नाचणे, अकारण दचकणे, हे दोषही सांगितले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून पंचावन्न वर्षांच्या या कथेला त्यांनी ‘अर्धी’ असे नाव दिले. दुसरे अर्ध लिहिले गेले नाही. संवत १७०० नंतरची त्यांची रचना आढळत नाही. संवत १७०१ मध्ये, म्हणजे १६४४ साली, आग्र्याच्या जगजीवन यांनी त्यांच्या विखुरलेल्या रचना गोळा करून ‘बनारसीविलास’ या नावाने एकत्र केल्या.

आत्मचरित्र मात्र सुमारे तीनशे वर्षे हस्तलिखितांतच राहिले. १९४३ साली मुंबईच्या हिंदी ग्रंथरत्नाकर कार्यालयातून पंडित नाथूराम प्रेमी यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी प्रेमीजींचा एकुलता एक पुत्र हेमचंद्र निवर्तला होता. नऊ अपत्ये गमावलेल्या कवीची पाने त्यांनी त्या दिवसांत छापखान्यात दिली.